सांगलीत रस्त्यावर कुत्रं सापडलं तर: उचलण्याआधी आणि उचलल्यानंतर

रात्री शंभर फुटी रस्त्यावरून चालत येताना एखादं कुत्रं मागे मागे खोलीच्या दारापर्यंत आलं, तर त्याला लगेच आत घेऊ नका आणि दगड उचलून हाकलूही नका. आधी बघा. विश्रामबागेत कॉलेजसाठी खोली घेऊन राहणारी मुलं, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आलेली माणसं, बदलीवर मिरजेला आलेली कुटुंबं, हा लेख त्यांच्यासाठी आहे. गाव नवीन असलं की कुठला दवाखाना, कुणाला फोन, कोणतं कुत्रं कुणाचं, यातलं काही माहीत नसतं. मन मात्र कळवळलेलं असतं. मग ज्या कुत्र्याला कसलीच मदत नको होती ते उचललं जातं आणि ज्याला हवी होती ते गटाराच्या कडेला पडून राहतं.

धडधाकट गल्लीतल्या कुत्र्याला आपण बेघर समजतो, पण ती गल्ली हेच त्याचं घर असतं. कोणत्या दारात सकाळी भाकरी मिळते, कोणत्या रिक्षाखाली दुपारी सावली असते, कोपऱ्यावरची दुसरी टोळी कुठपर्यंत येऊ देते, हे सगळं त्याला पाठ असतं. तिथून उचलून दुसऱ्या भागात सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात, किंवा घरी परतायच्या धडपडीत ते गाडीखाली येतं. म्हणून कुत्रं दिसलं की पहिला प्रश्न हा: याला खरंच उचलायची गरज आहे का?

पहिली काही मिनिटं नुसतं बघा

लांब उभं राहून चाल बघा, अंग बघा, गळा आणि कान बघा. अंगाने भरलेलं, रस्ता ओलांडताना थांबून गाडी बघणारं, दुकानदाराने हाक मारली की शेपूट हलवणारं कुत्रं तिथलंच असतं. कानाच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर त्याचं निर्बीजीकरण झालेलं आहे. ती जखम नाही, ती खूण आहे. अशा वेळी शेजारच्या टपरीवाल्याला किंवा वॉचमनला विचारलं की बहुतेक वेळा दोन वाक्यांत सगळा इतिहास कळतो. नवीन आलेल्यांनी ही चौकशी टाळू नये. गल्लीतली माणसं कुत्र्यांबद्दल आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त जाणून असतात.

हरवलेलं कुत्रं वेगळं दिसतं. गळ्यात पट्टा असतो किंवा पट्ट्याने केस झडलेली गोल खूण असते, नखं वाढलेली असतात, गाड्यांचा अंदाज नसतो, प्रत्येक माणसाकडे धावत जाऊन ते पुन्हा मागे फिरतं. दिवाळीच्या फटाक्यांनी आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकांतल्या आवाजाने घाबरून पळालेली घरची कुत्री त्या दिवसांत बरीच दिसतात. लॅब्राडोर, पग, स्पिट्झ असं जातिवंत कुत्रं एकटं फिरत असेल तर ते हरवलेलं तरी असतं किंवा कुणीतरी सोडून दिलेलं तरी. दोन्ही वेळा ते रस्त्यावर टिकत नाही, त्याला मदत लागतेच.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन प्रकार आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मेंढपाळांचे कळप उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर कुत्री असतात. माळावर किंवा रिकाम्या शेतात एकटं दिसलेलं दांडगं कुत्रं धनगराचं असू शकतं. वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, जवळच कुठेतरी बसलेला असतो. त्याला गाडीत घालून आणलंत तर तुम्ही त्याचं भलं न करता कुणाचातरी राखणदार पळवलात. तसंच ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर कुत्री येतात आणि टोळी हलली की काही मागे राहतात. उसाच्या फडाजवळ असं कुत्रं दिसलं तर आधी जवळच्या खोपट्यांवर चौकशी करा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. कुत्री असेल, तिची थानं लोंबत असतील, तर जवळपास कुठेतरी तिची पिल्लं आहेत. तिला दवाखान्यात न्यायचं असलं तरी आधी पिल्लं शोधा. आई उचलली गेली आणि पिल्लं मागे राहिली, तर दिवसभरात ती मरू शकतात.

जवळ जाताना

समोरून सरळ चालत जाऊ नका, डोळ्यांत डोळे घालू नका, वरून वाकून डोक्यावर हात ठेवू नका. बाजूने, हळू, आणि थोडं अंतर ठेवून खाली बसा. हात मुठीसारखा मिटून खाली धरा आणि कुत्र्यालाच येऊ द्या. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, ओठ वर उचललेला, अंग ताठ: यातलं काहीही दिसलं तर थांबा. वारंवार जांभई देणं, जीभ नाकावर फिरवणं ही झोपेची किंवा भुकेची खूण असेलच असं नाही, बऱ्याचदा ती भीतीची असते. कुत्रं खात असताना, झोपलेलं असताना किंवा पिलांपाशी असताना हात लावायचाच नाही. धावून आलं तर पळू नका. उभं राहून हात अंगाशी घ्या आणि नजर बाजूला वळवून सावकाश मागे सरका.

लहान मुलांना बरोबर घेऊन हे काम करू नये.

पिसाळलेलं असेल तर, आणि चावलं तर

या भागावर मी जास्त थांबणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा माणसात दिसली की तो जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र रेबीज होत नाही.

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे सगळ्यांच्या अंगावर धावणारं, एवढंच चित्र आपल्या डोक्यात असतं. तसं असतं खरं: कारण नसताना चावत सुटणं, लाकडाला, दगडाला, टायरला चावणं, आवाज बदलून घोगरा होणं, तोंडातून लाळ गळणं. पण दुसरा प्रकार शांत असतो. कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं, जबडा खाली लोंबतो, पाणी गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात. अशा कुत्र्याला बघून दयाळू माणूस म्हणतो, घशात हाड अडकलंय, आणि तोंडात हात घालतो. हे कधीही करू नका. जबडा लोंबलेल्या, लाळ गळणाऱ्या कुत्र्याला स्वतः हात न लावता लोकांना लांब ठेवा आणि महापालिकेला कळवा. डिस्टेंपर नावाच्या आजारातही झटके येतात, पाय उडतात, नाका-डोळ्यांतून पू येतो. कीटकनाशक पोटात गेलं तरी लाळ गळते आणि अंग थरथरतं. यातलं काय आहे हे रस्त्यावर उभं राहून आपल्याला ठरवता येत नाही, म्हणून रेबीज समजूनच वागायचं.

चावलं, ओरखडलं किंवा आपल्या उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर तिथल्या तिथे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. साधा अंगाचा किंवा कपड्याचा साबण चालतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. हळदीच्या पेठेचं गाव असलं तरी जखमेवर हळद भरू नका. मिरचीपूड, चुना, तेल, तंबाखूही नाही. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालायची घाई करू नका.

मग लगेच रुग्णालय. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. दोन्हीला लोक नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतात. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार कधीच संपला. आता कातडीत दिली जाणारी लस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते, दंडाच्या स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडंही भरावी लागतात. ती द्यायची का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. तिसऱ्या डोसनंतर बरं वाटतंय म्हणून पुढचा चुकवू नका.

कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. त्या दहा दिवसांत ते ठणठणीत राहिलं तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. मात्र तोपर्यंत लस थांबवायची नसते. ‘लहान पिल्लू होतं, नुसते दात लागले’ हे वाक्य तर विसरूनच जा. पिलांनाही रेबीज होतो. आणि कुत्र्यांसाठी नेहमी काम करायचं ठरवलं असेल तर चावण्याआधीची लस घेऊन ठेवा. डॉक्टरांना विचारलं की ते देतात.

जखमी कुत्रं उचलायचं कसं

बायपासवर, मिरज रस्त्यावर रात्री गाडीने उडवलेलं कुत्रं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. आधी स्वतःची गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, दुसऱ्या माणसाला मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवायला सांगा. वेदनेत असलेलं प्रेमळ कुत्रंही चावतं, म्हणून तोंड बांधायला शिका. ओढणी, नाडी किंवा पट्टीचा एक फास करून लांबून नाकाडावर टाका, ओढा, दोन्ही टोकं हनुवटीखाली एकदा फिरवा आणि कानांमागे गाठ मारा. गाठ अशी मारा की एका झटक्यात सुटेल. कुत्रं धापा टाकत असेल, उलटी करत असेल, बेशुद्ध असेल, किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर तोंड बांधू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. कण्याला मार असू शकतो, म्हणून पाय धरून ओढायचं नाही. फळी, जुना प्लायचा तुकडा किंवा चारी टोकं ताणून धरलेली चादर, त्यावर सरकवून घ्या. लहान कुत्र्यासाठी द्राक्षाचं प्लॅस्टिक क्रेट फार कामाचं असतं. हवा खेळती राहते, कुत्रं निसटत नाही आणि आपल्याकडे ते कुठेही मिळतं. वर दुसरं क्रेट उलटं ठेवून सुतळीने बांधलं की काम झालं. रिक्षात न्यायचं असेल तर रिक्षावाल्याला आधी सांगा, पोतं अंथरा, भाड्याबरोबर धुण्याचे चार पैसे द्या. पुढच्या वेळी तो स्वतः थांबेल.

वाटेत पाणी किंवा दूध पाजायचा प्रयत्न करू नका, श्वासनलिकेत जातं. आणि माणसाची ताप-अंगदुखीची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करतं, पॅरासिटामॉलही त्याला सहज सोसत नाही.

न्यायचं कुठे? खासगी पशुवैद्य विश्रामबाग आणि मिरज भागात आहेत, पण सगळेच कुत्र्या-मांजरांचं काम करत नाहीत आणि रात्री तर थोडेच. म्हणून दिवसाउजेडी, काही घडलेलं नसताना दोन-तीन दवाखान्यांत जाऊन विचारून ठेवा: रात्री फोन घेता का, एक्स-रे आहे का, भटक्या कुत्र्यासाठी दर कमी करता का. पशुसंवर्धन खात्याचे सरकारी दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत, जिल्ह्याला मोठं सर्वचिकित्सालय असतं. त्यांचा भर गाई-म्हशींवर असतो, पण कुत्र्यालाही तपासतात. 1962 हा खात्याचा टोल-फ्री क्रमांक आहे. अ‍ॅनिमल राहत ही संस्था साखर कारखान्यांच्या बैलांसाठी केलेल्या कामामुळे सांगलीकरांना ठाऊक आहे, जखमी जनावराच्या वेळी त्यांच्याकडेही विचारणा करता येते. मोठी शस्त्रक्रिया असेल आणि कुत्रं प्रवास सोसणारं असेल तर सातारच्या पुढे, पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

खर्चाचं आधी बोलून घ्या. डॉक्टरांनी उपचार सुरू केल्यावर ‘कुत्रं माझं नाही’ म्हणून निघून जाणारे लोक बघून काही दवाखाने अशी कुत्री घेईनासे झाले आहेत. आणलंत तर त्या दिवसापुरते तुम्हीच त्याचे मालक आहात.

लूत, गोचीड, किडे

केस झडून कातडी हत्तीसारखी जाड झालेलं, सारखं खाजवणारं कुत्रं बघून लोक नाक मुरडतात. ती लूत असते, आणि औषधाने काही आठवड्यांत बरी होते. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल ओतू नका; कातडी भाजते आणि चाटून विष पोटात जातं. पशुवैद्याने ठरवलेली गोळी खाण्यात मिसळून देता येते, म्हणजे पकडावंही लागत नाही. लुतीचा एक प्रकार माणसालाही तात्पुरती खाज देतो, तेव्हा हात धुवा.

गोचीड बोटांनी चिरडू नका. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, कुत्रं खात नसेल, ताप असेल तर तो गोचीडताप असू शकतो, रक्ततपासणी लागते. पावसाळ्यात छोट्या जखमेतही अळ्या पडतात आणि दोन-तीन दिवसांत जखम आतून पोखरली जाते. कुत्रं सतत डोकं झटकत असेल, अंगाला कुजका वास असेल तर जखम शोधा आणि त्याच दिवशी दाखवा. कुत्रीच्या किंवा कुत्र्याच्या जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त येत असेल आणि तिथे मांसाची गाठ दिसत असेल, तर ती बहुधा संसर्गाने पसरणारी गाठ असते. दिसायला भयंकर, पण आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण जाते. हे माहीत नसल्याने अशी कितीतरी कुत्री उपचाराविना मरतात, याचं वाईट वाटतं.

पिल्लं दिसली तर

बांधकामाच्या वाळूत, वखारीच्या मागे, उसाच्या कडेला पिल्लं कुईकुई करताना दिसली की हात आपोआप पुढे होतो. थांबा. आई खायला शोधायला गेलेली असते आणि दोन-तीन तासांनी परत येते. तुम्ही जवळ उभे असाल तर ती येणार नाही, म्हणून लांब जाऊन बघा. पिल्लं गुटगुटीत आणि एकमेकांना बिलगून झोपलेली असतील तर आई आहे. तिला खायला घाला, तेवढं पुरतं. जागा धोक्याची असेल, म्हणजे रस्त्याच्या अगदी कडेला किंवा पाणी शिरेल अशी, तर आईच्या नजरेसमोर पिल्लं थोड्याच अंतरावर सुरक्षित आडोशाला हलवा.

आई मेलेली असेल किंवा दिवसभर आलीच नसेल तर मात्र उचला. वयाचा अंदाज असा: डोळे मिटलेले असतील तर दोन आठवड्यांच्या आतलं, डोळे उघडे पण दात नाहीत तर दोन ते तीन आठवड्यांचं, दुधाचे दात आले तर तीन आठवड्यांच्या पुढचं. डोळे न उघडलेल्या पिलाला आधी ऊब द्या, दूध नंतर. अंगाने गार असलेल्या पिलाला पाजलं तर ते पचत नाही, फुप्फुसातही जातं. बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळा, पिल्लू त्याला टेकून ठेवा. सरकून लांब जायला जागा असू द्या. अंग कोमट झालं की पशुवैद्याकडून कुत्र्यांच्या पिलांची दुधाची पावडर आणा. गाईचं दूध त्यांना पुरत नाही आणि जुलाब होतात. पाजताना पिल्लू पोटावर असावं, माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली आणि शेपटीखाली पुसा, कारण इतकी लहान पिल्लं आपणहून शी-शू करू शकत नाहीत. आई चाटून करवते.

खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने हे काम एकट्याने अंगावर घेण्याआधी दोन मित्र पक्के करावेत. परीक्षेच्या आठवड्यात रात्री तीनला उठणं एकट्याला झेपत नाही, आणि त्यात पिलाचा जीव जातो.

चार आठवड्यांनंतर पातळ खिमट, भात आणि उकडलेलं अंडं चालतं. जंताचं औषध आणि सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली लस. रक्ताचे, घाण वासाचे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या तर तो बहुधा पार्वो हा विषाणूचा आजार. त्यात तासातासाने पाणी कमी होतं, सकाळपर्यंत वाट बघायची नसते. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून ते पिल्लू ठेवलेली जागा ब्लीचच्या पाण्याने धुवा आणि लस न घेतलेलं दुसरं पिल्लू तिथे आणू नका.

खायला काय घालाल

भात आणि उकडलेलं अंडं किंवा चिकन, बिनमिठाचं. भाकरी ताकात किंवा वरणात कुस्करून चालते. मोठ्या कुत्र्याला दुधाचा मारा करू नका. दोन सांगलीकर गोष्टी कटाक्षाने टाळा. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. तासगावचा बेदाणा घरोघरी असतो, प्रेमाने मूठभर पुढे केला जातो, नकोच. दुसरं भडंग: लसूण, तिखट, मीठ. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही नाहीत.

उन्हाळ्यात खाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं. सिमेंटचं पसरट भांडं सावलीत ठेवा आणि रोज घासा.

मालक कसा शोधायचा

हरवलेलं वाटलं तर त्याच जागी, त्याच वेळी चौकशीला सुरुवात करा. पळालेलं कुत्रं बऱ्याचदा घरापासून फार लांब गेलेलं नसतं. पट्ट्यावर फोन नंबर बघा. पशुवैद्याकडे दाखवा: कातडीखाली चिप असेल तर वाचता येते, नसली तरी डॉक्टरांनी ते कुत्रं ओळखण्याची शक्यता मोठी असते. दूधवाले, पेपरवाले, घंटागाडीचे कर्मचारी यांना फोटो दाखवा. ही माणसं रोज प्रत्येक दारात जातात. भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फोटो टाका, पण एक खूण लपवून ठेवा, पोटावरचा डाग किंवा पंजाचा रंग. मालक म्हणून जो येईल त्याने ती सांगितली पाहिजे. जुने फोटो, लशीचं पुस्तक मागा, नावाने हाक मारायला सांगा. जातिवंत कुत्री फुकटात मिळवून पिल्लं काढून विकणारेही मालक बनून येतात. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून ठेवलंत तर पुढे वाद होत नाही.

पुराच्या दिवसांत

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढू लागलं की गावभाग, सांगलीवाडी, हरिपूरकडची कुत्री उंच भागात येतात, आणि विश्रामबागेतल्या लोकांना एकदम अनोळखी कुत्री दिसू लागतात. ती भटकी झालेली नाहीत, विस्थापित झालेली आहेत. त्यांना तात्पुरतं खायला-प्यायला द्या, तिथल्या टोळीपासून वेगळ्या आडोशाला जागा द्या, फोटो आणि कुठे सापडलं ते लिहून ठेवा. पाणी ओसरलं की आपल्या भागात परतायची वाट मोकळी ठेवा. घर सोडताना कुत्र्याला बांधून ठेवू नका, हे शेजाऱ्यांना आधी सांगा. बरोबर नेता येत नसेल तर निदान साखळी सोडा. पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होणारा आजार) पसरतो, तेव्हा ओल्या कुत्र्याला हाताळताना हातमोजे घाला.

महापालिका, कायदा आणि गल्लीचं भांडण

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका आहे, आणि निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण ही तिची जबाबदारी आहे. मार्च 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पकडलेलं कुत्रं शस्त्रक्रिया, लस आणि काही दिवसांच्या देखभालीनंतर जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी हेच तत्त्व कायम ठेवलं. रेबीज झालेली, त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्याला अपवाद. रस्त्यात वाटेल तिथे खायला न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावं, असंही त्या आदेशात आहे. पुढे 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, एसटी आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. तिथून उचललेली तिथे परत सोडायची नाहीत. म्हणून सिव्हिलच्या आवारात किंवा शाळेच्या फाटकाशी खायला घालू नका. त्याचा त्रास शेवटी कुत्र्यांनाच होतो.

कुत्र्याला मारणं, विष घालणं, पाळून सोडून देणं हे गुन्हे आहेत. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि जनावराला मारून टाकणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डोळ्यांसमोर असं घडत असेल तर 112 ला फोन करा, फोटो-व्हिडिओ जपून ठेवा.

तरीही गल्लीत कायद्याची भाषा पहिल्या दिवशी काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्या आजोबांच्या नातवाला कुत्रं चावलंय त्यांचा राग खरा आहे. त्यांना सांगा की आपण मिळून महापालिकेकडे निर्बीजीकरणाचा अर्ज देऊ, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचून घेऊ. अर्जात कुत्र्यांची संख्या, नर-मादी, ठिकाण लिहा, दहा-बारा सह्या घ्या आणि पोचपावती मागा. खायला घालणाऱ्यांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात घालावं आणि पत्रावळ्या उचलून न्याव्यात. गाडी कुत्री न्यायला येईल तेव्हा तिथे हजर राहा, कोणतं कुत्रं कोणत्या गल्लीतून गेलं ते लिहून ठेवा, आणि परत आल्यावर टाके बघा. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं आणि दूध पाजणाऱ्या आया गाडीत चढत असतील तर तिथेच थांबवा.

ठेवून घ्यायचं ठरलं तर

घरमालकाला आधी विचारा, लपवून ठेवू नका. हॉस्टेलच्या खोलीत कुत्रं पाळू नका. पदवी संपल्यावर त्याचं काय, याचं उत्तर आज नसेल तर आजच त्याला दुसरं घर शोधा, आणि ते घर स्वतः जाऊन बघा. घरी दुसरं कुत्रं असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडीही वेगळी. पशुवैद्याकडे तपासणी, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, तीन महिन्यांचं झालं असेल तर रेबीज लस, आणि वय झालं की नसबंदी. महापालिकेचा परवाना काढा.

पहिले काही दिवस ते खाणार नाही, पलंगाखाली बसेल, रात्री रडेल. त्याला ओढून बाहेर काढू नका. पाण्याचं भांडं जवळ ठेवा, एकाच माणसाने खायला द्यावं, फिरायला पट्ट्याशिवाय नेऊ नये; रस्त्यावर वाढलेलं कुत्रं घाबरलं की जुन्या गल्लीकडे धावतं. लशीच्या पुस्तकात पुढच्या वर्षीच्या रेबीज लशीची तारीख लिहून घ्या आणि तिचा फोटो घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये ठेवा.